'व्हिएय व्हीञ्': जुनी वाईन की जुन्या वेलींची?

मोंपेलिएवासी

नमस्कार मंडळी. एका बाटलीवरच्या दोन फ्रेंच शब्दांना मराठी शब्द हवा आहे. दोनाने सुरुवात झाली खरी, पण आता यादी वाढली आहे.

मी दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिएला राहते. गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा मामांसाठी कोर्बिएर भागातली एक तांबडी वाईन आणली. मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. सगळं आयुष्य द्राक्षांत गेलं, पण वाईन त्यांनी कधी चाखली नव्हती. लेबलवर ठळक अक्षरांत होतं 'व्हिएय व्हीञ्'. मी पटकन इंग्रजीत सांगून टाकलं, "ओल्ड व्हाइन." मामांनी चष्मा लावून बाटली फिरवली आणि म्हणाले, "जुनी म्हणतेस, आणि साल तर २०२१ लिहिलंय."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या तोंडी 'व्हाइन' आणि 'वाईन' जवळजवळ सारखेच निघतात. फ्रेंचमध्ये हा घोटाळा होत नाही: वेल म्हणजे 'व्हीञ्' आणि वाईन म्हणजे 'व्हाँ'. (हा 'ञ्' मला फार आवडतो. आपल्या वर्णमालेत तो आहे, पण एकटा क्वचितच दिसतो. इथे त्याला अख्खा शब्द मिळाला.) 'व्हिएय' हे विशेषण वेलीचं आहे, वाईनचं नाही. वाईन तीन-चार वर्षांची असेल, वेल सत्तर वर्षांची.

पुढे मामांनी एकेक घोट घेत प्रश्न विचारले: तोंड असं का आखडतं, हिला गोडी का नाही, हिच्याबरोबर खायचं काय. मला फ्रेंच शब्द आठवत होते, मराठी एकही नाही. मामांना पुढच्या वेळी मराठी चिठ्ठी चिकटवूनच बाटली द्यायची असं ठरवलं आहे. मदत करा.

वाय मंडप

ताई, मी निफाडचा, द्राक्षाचाच शेतकरी. वेलीला बागेत काय म्हणतात ते सांगतो, बाकी वाईनमधलं मला कळत नाही.

आमच्या तोंडी 'जुनी बाग' हाच शब्द आहे. 'म्हातारी बाग'ही म्हणतात, पण ते कौतुकाने नव्हे. बाग म्हातारी झाली म्हणजे खोड पोकळ झालं, ओलांडे (खोडावरच्या आडव्या फांद्या) वाळायला लागले, माल कमी निघतो, आता काढून नवी लावा. माझी स्वतःची एक बाग अठराव्या वर्षी काढली. म्हणून तुमच्या मामांना आश्चर्य वाटलं असणार. बागाईतदाराच्या कानाला 'म्हाताऱ्या वेलीचा माल' ही जाहिरात वाटतच नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडे वेलीला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. थंडीत तिला झोप म्हणून नाही. तुमच्याकडे हिवाळ्यात पानं गळून ती निजते ना? मग सत्तर वर्षं टिकेलही.

एक विचारतो. ही वेल मांडवावर आहे का तारेवर?

मोंपेलिएवासी

दादा, दोन्हीवर नाही! यामुळेच मला 'वेल' हा शब्दही थोडा अपुरा वाटायला लागला. जुन्या कारिन्याँची (ही त्या द्राक्षाची जात) वेल आधाराशिवाय उभी असते. गुडघ्याएवढं जाड, पिळवटलेलं काळं खोड आणि वर चार-पाच बाहू. या छाटणीला फ्रेंचमध्ये 'गोबले' म्हणतात, म्हणजे पेला. हिवाळ्यात रान बघितलं तर दगडगोट्यांत ओळीने ठेवलेल्या हाताच्या उलट्या पंजांसारखं दिसतं. मराठी मन वेल म्हटलं की मांडव शोधतं. ही तर झुडपासारखी आहे.

आणि 'म्हातारी बाग काढून टाका' हे फ्रान्समध्येही झालं आहे, सरकारी पैशाने. कारिन्याँ ही एके काळी फ्रान्सभर सर्वांत जास्त लावली जाणारी जात होती. तरुणपणी ती भरमसाट पिकते, आणि भरमसाट पिकली की वाईन पाणचट, आंबट आणि नुसती तुरट होते. लांगदॉकमध्ये, म्हणजे आमच्या या दक्षिणेकडच्या प्रांतात, अशा वाईनचा पूर आला. १९८८ पासून युरोपीय समुदायाने वेली उपटायला अनुदान दिलं आणि कारिन्याँची हजारो हेक्टर उपटली गेली. खडकाळ चढावर जिथे यंत्र जात नव्हतं, किंवा जिथे म्हाताऱ्या मालकाचा जीव होत नव्हता, तिथल्या वेली उरल्या. त्यांचं उत्पन्न आपोआप घटलं, घड लहान झाले, मुळं शिस्ट या थराथरांच्या खडकाच्या फटींतून खोल गेली. ज्या जातीला सगळे नावं ठेवत होते तिच्याच जुन्या वेलींची वाईन आता लोक शोधून घेतात.

तिला भुरी (द्राक्षावरचा पांढऱ्या बुरशीचा रोग) फार लागते, हे मामांना सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "मग आपलीच."

कोशात रमलेली

छान विषय. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, वाईनचा अनुभव शून्य; शब्दांपुरतं बोलते.

'जुना' हा शब्द संस्कृत 'जूर्ण'वरून प्राकृत 'जुण्ण'मार्गे आला. त्याच कुळातला 'जून' मात्र दूर ठेवा. जून भेंडी, जून काकडी म्हणजे कोवळेपण जाऊन राठ झालेली, खाण्याच्या पलीकडची. 'जून वेली' लिहिलंत तर वाचणाऱ्याला दोरे लागतील. 'जीर्ण' वस्त्राला आणि मंदिराला, 'जरठ' माणसाला, आणि तोही आता पुस्तकातच. 'वयोवृद्ध वेली' कुणी सुचवेल. तो सत्कार समारंभाचा शब्द आहे.

वाईनला वयाचा गुण द्यायचा असेल तर आपल्याकडे 'मुरलेली' आहे. लोणचं जुनं होत नाही, मुरतं. म्हणजे भेद सरळ करता येतो: वेल जुनी, वाईन मुरलेली. तुमच्या बाटलीतली वेल जुनी आहे आणि वाईन अजून मुरायची आहे. मामांचा प्रश्न एवढ्याने सुटावा.

'वाईन'ला मराठी शब्द शोधू नका, असं माझं स्पष्ट मत. 'द्राक्षासव' म्हटलं की औषधाची बाटली डोळ्यांसमोर येते. 'द्राक्षारस' मराठी बायबलमध्ये रुजलेला आहे, पण रसवंतीवर तोच शब्द ताज्या रसाला लागेल. 'वाईन' आता मराठीच आहे, दीर्घ ईकारासकट.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटलं आहे आणि लगेच पुढे आहे, 'तस्य स्वदेशो व्याख्यानं कापिशायनं हारहूरकमिति'. त्याचा देश हीच त्याची ओळख. कापिशीचं (आजच्या अफगाणिस्तानातल्या जुन्या नगरीचं) ते कापिशायन. तुमचे फ्रेंच लोक वाईनला द्राक्षाच्या नावाने न ओळखता कोर्बिएर, मिनेर्व्हुआ अशा गावा-प्रांताच्या नावाने ओळखतात ना? ती रीत आपल्या ग्रंथातही नोंदलेली आहे.

मोंपेलिएवासी

बाई, 'वेल जुनी, वाईन मुरलेली' हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. आणि अर्थशास्त्रातलं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कोर्बिएरला त्याच्या नावाचा कायदेशीर हक्क १९८५ मध्ये मिळाला.

नवा सभासद

किती वर्षांची वेल म्हणजे जुनी? काही नियम आहे की ज्याला वाटेल त्याने लिहायचं?

मोंपेलिएवासी

फ्रान्समध्ये 'व्हिएय व्हीञ्' या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही. कुणी पंचवीस वर्षांच्या वेलींवर लिहितं, कुणी ऐंशी. ऑस्ट्रेलियातल्या बारोसाच्या बागाईतदारांनी २००९ मध्ये स्वतःची सनद केली. तिच्यात ३५ वर्षांपासून 'जुनी', ७० पासून 'तगलेली', १०० पासून 'शतायुषी' आणि १२५ पासून 'पूर्वज' अशा पायऱ्या आहेत. (मराठी शब्द माझे.) २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेनेही ३५ वर्षं हीच खूण धरली. म्हणून मी लेबलवरच्या शब्दापेक्षा लागवडीचं साल शोधते. या बाटलीच्या मागे १९५२ आहे.

वाय मंडप

३५ म्हटल्यावर आमच्याकडची एकही बाग बसणार नाही!

पण वय कशाचं मोजतात, खुंटाचं (खालच्या मुळाकडच्या भागाचं) की वरच्या कलमाचं? आम्ही डॉगरिज जातीचा खुंट लावतो, तो मूळ अमेरिकेचा. त्यावर डोळा भरतो किंवा कलम करतो.

मोंपेलिएवासी

लागवडीपासून, दादा. तिथेही खाली अमेरिकी खुंट आणि वर फ्रेंच जात असंच आहे, कारण मात्र वेगळं. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळं खाल्ली. मोंपेलिएच्याच प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १८६८ मध्ये ती मुळांवर शोधून काढली. अमेरिकी वेलींची मुळं तिला दाद देत नाहीत, म्हणून सगळा देश कलमांवर गेला. तुमचा खुंट क्षाराच्या आणि कमी पाण्याच्या जमिनीसाठी, त्यांचा किडीसाठी. 'खुंट' आणि 'कलम' हे शब्द मात्र मी तुमचेच वापरणार, याहून नेमके शब्द फ्रेंचमध्येही नाहीत.

आता चवीकडे येऊ या का? तिथेच मी अडकले आहे.

रसशाळा

मी वैद्य आहे. चवीचं बोलायचं तर आपल्याकडे शब्दांची अडचण नाही, अदलाबदलीची आहे.

षड्रस म्हणजे मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. शास्त्रात कटु म्हणजे मिरची-सुंठीचा तिखटपणा आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाचा कडूपणा. मराठीत 'कटु'चा 'कडू' झाला आणि अर्थ उलटून कडुनिंबाकडे गेला. झणझणीतपणासाठी तीक्ष्णापासून 'तिखट' आला. म्हणून जुन्या ग्रंथातला शब्द उचलून बाटलीवर लिहू नका, वाचक भलतीकडे जाईल.

तुमच्या मामांचं तोंड आखडलं तो सहावा रस, कषाय, म्हणजे तुरट. 'तुरट' हा 'तुवर'पासून आलेला आपला नेहमीचा शब्द आहे. तुरटी तीच. फ्रेंच काय म्हणतात ते म्हणोत, टॅनिनला 'तुरटपणा' हेच मराठी. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं, जांभळात आणि हिरड्यातही असतं.

यात एक मौज आहे. आजचं शरीरशास्त्र तुरटपणाला जिभेची चव मानत नाही, स्पर्श मानतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासते. आपल्या बोलीनेही त्याला क्रियापदं स्पर्शाचीच दिली आहेत: जांभळाने घसा *धरतो*, कच्च्या केळ्याने जीभ *आखडते*.

कोशात रमलेली

वैद्यबुवा, फार सुंदर. यात एकच सावधगिरी. कुणी 'तोंडाला मिठी बसते' लिहील, तर ते अतिगोडाचं आहे. तुरटाला 'जीभ धरते' बरोबर.

मोंपेलिएवासी

मग 'सेक' या शब्दाचं काय करू? वाईनमध्ये साखर उरलेली नाही असा त्याचा अर्थ. शब्दशः 'कोरडी'. मराठी लेखांत 'कोरडी वाईन' वाचते आणि दर वेळी खटकतं.

कोशात रमलेली

खटकायलाच हवं. 'कोरडी' म्हटलं की जीभ कोरडी पडते असं वाटेल, आणि वैद्यबुवांच्या म्हणण्याप्रमाणे तो तर तुरटपणाचा परिणाम. दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात अडकतील. 'फिकी' मुंबईच्या चहाला चालतं, पण फिका म्हणजे बेचवही. मी 'अगोड' घेईन. थोडा पुस्तकी आहे, पण खोटं बोलत नाही.

वाय मंडप

आम्ही मण्याची गोडी ब्रिक्स या साखरेच्या मापात मोजतो. सगळी गोडी आंबून गेली तर 'गोडी उतरली' म्हणता येईल.

मोंपेलिएवासी

दादा, 'गोडी उतरलेली' हे तर त्यातली क्रियाच सांगतं! पण 'उतरली'मध्ये बिघडल्याचा वास येतो, दूध उतरल्यासारखा. चिठ्ठीवर 'अगोड' ठेवते आणि समजावताना तुमचं वाक्य वापरते.

बाकीचे शब्द मी स्वयंपाकघरातून गोळा केले, ते पडताळून द्या. फ्रेंच लोक वाईनला 'कोर', म्हणजे अंग असतं म्हणतात. आपल्याकडे भाजीत 'अंगाबरोबर रस' असतोच, म्हणून 'अंगाची वाईन' म्हणावंसं वाटलं, पण 'दाट' आणि उलट बाजूला 'पाणचट' जास्त लवकर कळतं. पेल्याच्या कडेने उतरणाऱ्या रेघांना ते 'लार्म' म्हणजे अश्रू म्हणतात. मी 'ओघळ' म्हणेन. (ते अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे होतात, वाईन चांगली असण्याशी त्यांचा संबंध नाही.) तळाशी बसतो तो 'साका'. साक्यावरून वाईन अलगद दुसऱ्या भांड्यात ओतणं म्हणजे 'निवळ काढून घेणं'. हे माझी आजी तुपाचं करायची.

आणि एक शब्द, 'शांब्रे'. 'शांब्र' म्हणजे खोली. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, ही समजूत त्यातून आली. ती खोली दगडी भिंतींच्या जुन्या फ्रेंच घरातली आहे, १६ ते १८ अंशांची. नाशिकच्या दिवाणखान्यातली तीस अंशांची नव्हे. मी मामांना बाटली तशीच दिली, तेव्हा पहिल्या घोटाला नाकात नुसता अल्कोहोल गेला. ती चूक माझी. १४ टक्क्यांच्या आसपासची वाईन गरम प्याली की तिचं दुसरं काही कळतच नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर तीच बाटली वेगळी लागली. म्हणून 'खोलीच्या तापमानाला' हे शब्द मराठीत आणूच नयेत.

खानदेशी तवा

मी इतका वेळ वाचतोय आणि अजून कुणी जेवणाचं काढलं नाही! ताई, हिच्याबरोबर खायचं काय?

मोंपेलिएवासी

दादा, तिकडचं आधी सांगते. लांगदॉकमध्ये कासुले: पांढऱ्या दाण्यांचा घेवडा, बदकाचं मांस, डुकराचं सॉसेज, मातीच्या 'कासोल' नावाच्या भांड्यात तासन्‌तास रटरटलेलं. भांड्यावरूनच पदार्थाचं नाव पडलं. कास्तेलनोदारी गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. 'दोब' म्हणजे वाईनमध्येच मंद शिजवलेलं मांस. मेंढीचं मांस थाइम लावून भाजलेलं. आणि रूसियोंमध्ये, कॅटलान लोकांत, 'कार्गोलाद': गोगलगायी, द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या.

हे सगळं का जुळतं ते वैद्यबुवांनी आधीच सांगितलं आहे. टॅनिनला प्रथिनं धरायची असतात. तोंडात मांसाची प्रथिनं आणि चरबी आली की ते लाळेला सोडून तिकडे वळतं. जीभ सुटते. मिठानेही तुरटपणा मऊ होतो. मिरचीने मात्र दोन्ही पेटतात, मिरचीही आणि अल्कोहोलही. म्हणून तांबडी वाईन आणि तांबडा रस्सा अशी नावाची जोडी मी कुणालाच सुचवणार नाही.

खानदेशी तवा

काड्यांच्या निखाऱ्यावर! आमचं भरीत तसंच. वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजायची, तेव्हा तो धूर आत जातो. गॅसवरच्या भरताला मी भरीत म्हणत नाही. तुमच्या वाईनसाठी हिरव्या मिरच्या निम्म्या करेन, तेल आणि शेंगदाणे नाही. आणि मटण करायचं तर सुकं, काळ्या मसाल्याचं, मिरचीवर हात आखडून.

शब्दाचं म्हणाल तर 'चखणा' नको. चखणा दारूसाठी असतो; आधी दारू, मग ती खाली जावी म्हणून फरसाण.

कोशात रमलेली

इथे मला वाटतं या सगळ्या चर्चेचा खरा शब्द येतो. 'चखणा' चाखण्यावरूनच आला, पण त्यात जेवण पेयाच्या चाकरीला आहे. फ्रान्समध्ये उलट असावं: जेवण मुख्य, वाईन त्याला 'तोंडी लावणं'. आपण भाकरीला चटणी तोंडी लावतो तसं. एक घास, एक घोट, पुन्हा घास.

मोंपेलिएवासी

अगदी असंच आहे, बाई. फ्रेंच लोक जेवण-वाईनच्या जुळणीला 'आकोर' म्हणतात. संगीतात एकत्र वाजणाऱ्या सुरांनाही तोच शब्द. मी 'साथसंगत' लिहिणार होते. पण तबला साथ करतो तेव्हा मैफल गवयाची असते. इथे गवई कोण? कासुलेपुढे वाईन साथीला, हे मान्य. पण सत्तर वर्षांच्या वेलीची, वर्षाला दोन-चारशे बाटल्यांएवढीच निघालेली वाईन समोर असेल तर मी साधं भाजलेलं मटण करीन आणि तिला गाऊ देईन. म्हणून 'तोंडी लावणं' रोजच्या जेवणाला आणि 'साथसंगत' खास दिवसाला, असे दोन्ही शब्द ठेवते.

रसशाळा

वासाचं राहिलं. मामांना कसला वास आला?

मोंपेलिएवासी

बरं विचारलंत! तिथल्या खडकाळ माळावर थाइम, रोझमेरी, लव्हेंडर अशी खुरटी सुगंधी झुडपं वाढतात. त्या माळाला 'गारिग' म्हणतात आणि त्या भागातल्या वाईनमध्ये तो वास येतो असं सगळेच सांगतात. मी मामांना 'रानझुडपांचा वास' असं काहीतरी सांगत होते. त्यांनी पेला नाकाशी धरला आणि म्हणाले, "ओवा." मला ते तेव्हा चुकीचं वाटलं होतं.

रसशाळा

चुकीचं कसं? ओव्याचा वास थायमॉल या द्रव्याचा आणि थाइमचाही थायमॉलचाच. तुमच्या मामांचं नाक तयार आहे.

मोंपेलिएवासी

मग चिठ्ठी अशी लिहिली आहे. तपासा.

'कारिन्याँ जातीच्या, १९५२ साली लावलेल्या जुन्या वेलींची तांबडी वाईन. अगोड, दाट. जीभ धरते, पण मटणाच्या घासाबरोबर सोडते. माळावरच्या ओव्याचा वास. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, मग उघडून थोडं वारं लागू द्यावं. मिरची जपून.'

वाय मंडप

सगळं झ्याक. फक्त एक, 'वेलींची' खटकतं. जाईची ती वेल, पण द्राक्षाचा आमच्याकडे तो वेल. 'वेलांची' लिहा.

कोशात रमलेली

कोशात दोन्ही लिंगं आहेत. लेखी मराठीत 'वेलींची' रूढ आहे.

मोंपेलिएवासी

मामांना फोन करून विचारलं. 'वेलांची' म्हणाले. चिठ्ठीवर तेच जाईल.